गोव्याचं स्वस्त फ्युएल

ऑक्टोबर २०१८ची दुपार. कोयनेचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरलेला आणि मी किंग एअर सी-९० घेऊन त्यावर घिरट्या घालतोय. मागचे पाहुणे एकदम खूश. कॅप्टन कोयनानगरचा, आपलं गाव दाखवतोय, असं त्यांना वाटलं. कॅप्टन मात्र विमानाचं वजन कधी उतरतंय याची वाट बघत होता.

झालं असं. त्या दिवशी गोव्याहून कराडला यायचं होतं, दुसऱ्या दिवशी पुढे मुंबई. आम्हाला कराडला जेटचं इंधन मिळत नसे, त्यामुळे पुढच्या टप्प्याचं गोव्यातच घ्यावं लागणार होतं. एवढं ठीक. पण मालकांच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, कानावर कोणीतरी घातलं होतं की महाराष्ट्रात एटीएफवर २५ टक्के व्हॅट, गोव्यात त्याहून कमी. "कॅप्टन, गच्च भरा. मुंबईत घ्यायलाच नको." विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. घरच्या विमानवाल्याला त्यातला पैसाही परत मिळत नाही. तेव्हा दादांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. वेडेपणा माझा. कमाल उड्डाण-वजनाला टेकेपर्यंत मी इंधनाचा बाऊझर चालू ठेवला. गरजेपेक्षा साधारण सहाशे लिटर जास्त.

आमच्या विमानात उड्डाणाचं कमाल वजन आणि उतरण्याचं कमाल वजन यांत सव्वादोनशे किलोंचा फरक होता. तेवढं वाटेत जळायलाच हवं. आराखड्यात बेळगाववरून वळसा धरला होता, त्या हिशेबात सगळं जेमतेम बसत होतं. उडालो आणि कंट्रोलरनं सरळ कराडचा रस्ता दिला. एरवी मी त्याला मनातल्या मनात पेढे वाटले असते. त्या दिवशी कोल्हापूर ओलांडताना आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला. पन्नास-पंचावन्न किलो जास्त. त्यात कराडला नुकती सर येऊन गेलेली, धावपट्टी ओली. कोयना धरणाचं काम चालू असताना, त्या कामासाठी बांधलेली ती पट्टी. तिथे जड विमान घेऊन उतरायची हौस कोणाला?

मग गेलो पश्चिमेला. वीसेक मिनिटं. कमी उंचीवर ही इंजिनं खादाड होतात. ऐंशी किलो गेले, म्हणजे शंभर लिटर. लिटरला सत्तरच्या पुढचा भाव धरा, सात हजार रुपये. आणि गोव्यात वाचले किती? लिटरमागे चार-पाच रुपयांप्रमाणे जेमतेम तीन हजार. वर दोन्ही इंजिनांची वीस मिनिटं. या इंजिनाची ओव्हरहॉलची मुदत ३,६०० तास असते आणि ते बिल आलं की दादा दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात स्वतःचं टर्बाइन विमान बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण त्यांच्या ऑफिसात हा घोळ मी वारंवार पाहिलाय. बिलावरचा दर सगळे बघतात, जळलेले किलो कोणी बघत नाही. त्यातून इंधन विकत घ्यायचं लिटरमध्ये, काटा दाखवणार पौंडात आणि वजनाचा तक्ता किलोत. मुनीमजींनी हिशेब लावायचा तरी कसा? एक वही ठेवा. प्रत्येक फेरीला निघताना किती किलो, उतरल्यावर किती, एवढंच लिहा. जिथे स्वस्त तिथे जरूर घ्या, पण आधी उतरायचं वजन मांडा, तेही सर्वांत जवळचा रस्ता मिळेल असं धरून.

आणखी एक भ्रम माझा स्वतःचा होता, तो वडिलांकडून आलेला. ते कोयना प्रकल्पाच्या पोफळी वीजगृहात होते. तिथली पेल्टन चाकं. पाण्याची धार कमी केली तरी ते चाक कार्यक्षमता फारशी सोडत नाही. पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी, मोजणी १ जूनपासून. त्यामुळे आमच्या घरात धार कमी करणं म्हणजे बचत, हे लहानपणापासून पक्कं. सुरुवातीची काही वर्षं मी विमानातही तेच करायचो, पॉवर लिव्हर मागे घेऊन खालून रमतगमत जायचो. गॅस टर्बाइनचं उलट आहे. ते अर्ध्या भारावर रडतं. त्याला पातळ, थंड हवा आणि भरपूर काम लागतं. दहा हजार फुटांवर तासाला जेवढं जातं, त्याच्या पाऊणपटीत बावीस हजारांवर भागतं आणि वेगही मिळतो. मात्र कराड-पुण्यासारख्या उडीला एवढं वर चढण्यात अर्थ नाही. चढून होईपर्यंत उतरायची वेळ येते. तिथे उतरण लांबवा. हजार फुटांना तीन सागरी मैल धरा आणि त्याआधी खाली येऊ नका.

इंधन जमिनीवरही जळतं. मुंबईत स्टार्टअपची परवानगी मिळाल्याशिवाय इंजिन लावू नका. पाहुणे बसलेत, एसी हवाय, हे कारण पुरत नाही. बाहेरून वीज देणारं ग्राउंड पॉवर युनिट त्यासाठीच असतं.

आणि इंजिन धुवा. गोवा, रत्नागिरी, मुंबई अशा फेऱ्यांमध्ये कॉम्प्रेसरच्या पात्यांवर मीठ बसतं. तेवढ्याच टॉर्कला तापमानाची सुई वर चढायला लागते, इंधनही जास्त जातं. आमच्या मेकॅनिकनं एकदा मला मुद्दाम उभं केलं. थंड इंजिन स्टार्टरवर फिरवत आत स्वच्छ पाणी सोडलं. खालून आलेलं पहिलं पाणी टपरीच्या चहासारखं, दुसरं फिकट, तिसरं नितळ. पुढच्या फेरीत सुई खाली होती. त्या पाण्याचं बिल कोणी विचारत नाही, हे विशेष.

टाकीच्या तळातून नमुना काढायची पाच मिनिटं मात्र वाचवू नका. बरणीत खाली पाण्याचा थेंब दिसला, तर सगळी काटकसर बाजूला ठेवायची.

त्या दिवशी कराडला उतरल्यावर पाहुणे गाड्यांत बसले आणि मी दादांना सगळं सांगून टाकलं. सात हजार विरुद्ध तीन हजार. ते थोडा वेळ ओल्या धावपट्टीकडे बघत राहिले.

"म्हणजे कोयना दर्शन चार हजारांना पडलं म्हणा," ते म्हणाले. "बरं, मग पुढच्या वेळी गोव्यात किती भरायचं?"

"ते निघायच्या दिवशी सकाळी सांगतो, दादा. माणसं किती, वारा कुठला, ते बघून."