यात्रेची खरेदी आणि तापीचं पाणी

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत आमचं मंडळ भाविकांना प्रसादाचं जेवण देतं. त्याची खरेदी माझ्याकडे असते. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी उतरतात, नदीकाठ माणसांनी फुलतो. यात्रा उलगल्यावर मागे किती कचरा राहणार, हे मात्र महिनाभर आधी दुकानात यादी देतानाच ठरलेलं असतं. म्हणून सफाईइतकंच लक्ष खरेदीवर द्यायला हवं. त्या अनुभवातून हाती आलेल्या काही गोष्टी इथे मांडते.

१. नदी वाहून नेईल, हा भरवसा सोडा.
सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहे. पावसाळा सरला की दरवाजे टाकून पाणी अडवतात. मार्गशीर्षात ते साठलेलं असतं, त्यामुळे त्यात पडलेलं काठाशीच कुजतं नाहीतर तरंगत राहतं. तिथून सुटलं तरी खाली प्रकाशाचा बॅरेज आहे, पुढे गुजरातेत उकाई धरण आणि सुरत. आपण टाकलेलं कुणाच्या तरी शेताला आणि घागरीला लागणारच.

२. पत्रावळीची मागणी उन्हाळ्यातच नोंदवा.
होळीच्या सुमारास पळस फुलतो, मग त्याला नवी पालवी येते. पानं जून झाली की सातपुड्यातल्या बाया ती तोडतात, वाळवतात, काड्यांनी टाचतात. हे काम हाताचं आहे, त्याला वेळ लागतो. ऐन मार्गशीर्षात गेलात तर माल मिळत नाही आणि शेवटी प्लॅस्टिकच गळ्यात पडतं. आधी सांगितलं आणि थोडी उचल दिली की माल चोख मिळतो आणि पैसा जिल्ह्यातच, कष्ट करणाऱ्या बाईच्या हातात राहतो.

३. मोठी खरेदी करण्याआधी एक नग पाण्यात भिजवा.
हल्ली पुष्कळ पत्रावळींना आणि द्रोणांना मागून प्लॅस्टिकचा किंवा चंदेरी पापुद्रा चिकटवलेला असतो. वरून पान दिसतं. रात्रभर भिजवून फाडून पाहिलं की पापुद्रा वेगळा निघतो. पिशव्यांचंही तसंच. ‘कापडी’ म्हणून मिळणारी पातळ पिशवी बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. कडेचा धागा ओढून बघा: विणलेल्या कापडातून उभा-आडवा धागा सुटतो, हिच्यातून सुटत नाही. आपला मुलूख कापसाचा आहे. जुन्या साड्या आणि चादरी गावातल्या शिलाईकाम करणाऱ्या बायांकडे द्या, पिशव्या घरच्या घरी होतात.

४. चहाला कागदी कप नको.
त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर तो गळत नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. चहाला आणि पाण्याला स्टीलचे पेले सगळ्यात बरे. ते भाड्यानं मिळतात, आणि दरवर्षी लागणार असतील तर मंडळानं विकतच घ्यावेत. विसळण्याची जागा नदीपासून लांब ठेवा आणि तिथं शोषखड्डा करा. साबणाचं पाणी तापीत सोडलं तर पेल्यांचा उपयोग काय?

५. कायदा माहीत असेल तर दुकानदाराशी बोलणं सोपं जातं.
महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलची ताटं-वाट्या यांवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायची प्लॅस्टिकची ताटं, पेले, चमचे, स्ट्रॉ, झेंडे आणि सजावटीचा थर्माकोल बंद झाला. तेव्हा मंदिराच्या वाटेवर पताका लावायच्या तर कापडाच्याच घ्या. त्या धुऊन पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात.

६. पाकिटावरच्या हिरव्या पानाला भुलू नका.
‘पर्यावरणपूरक’ हा शब्द कुणीही छापतो. पिशवी कंपोस्ट होणारी आहे असा दावा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक विचारा. क्रमांक खरा असला तरी अशी पिशवी नदीत टाकायची नाही. तिला कुजायला कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते. भारत सरकारचं ‘इकोमार्क’ हे चिन्ह १९९१ पासून आहे, त्यावर मातीचा माठ असतो. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले. साबण घेताना हा माठ शोधायची सवय लावा. चिन्ह मिळालं नाही तरी आपण विचारतो, हे दुकानदाराच्या कानावर जातं.

७. घोड्यांच्या बाजारातही हीच पारख ठेवा.
अगाडी-पिछाडीला नायलॉनचा दोर लावला तर घोड्याच्या पायाला काचतो, आणि तुटला की तिथंच पडून राहतो. सुती दोर मऊ असतो आणि मातीत कुजतो. चारा-दाण्यासाठी प्लॅस्टिकच्या विणीच्या गोण्यांपेक्षा तागाचं बारदान घ्या. गोणीचे सुटलेले धागे चाऱ्यात मिसळतात आणि जनावराच्या पोटात जातात. लीद तर कचरा नव्हेच. शहाद्याकडे केळी, पपई आणि उसाची शेती आहे. आधी बोलणं करून ठेवलं तर शेतकरी ट्रॉली घेऊन येतात. मात्र ताजी लीद पिकाला टाकू नये, काही महिने ढीग लावून कुजवावी. तिच्यात प्लॅस्टिक मिसळलं की तेच खत कुणी घेत नाही.

८. भाव एका नगाचा नाही, सगळ्या खर्चाचा काढा.
फेकायचं ताट स्वस्त वाटतं, कारण ते उचलण्याची मजुरी आणि वाहून नेणारा ट्रॅक्टर पावतीवर नसतो. तो खर्च ग्रामपंचायत भरते, म्हणजे आपणच भरतो. हा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडा. वेगळ्या मालाची मागणी एकट्यानं केली तर महाग पडते. चार मंडळं, हॉटेलवाले आणि प्रसादाचे दुकानदार मिळून मागणी द्या, भाव उतरतो. दुकानांना जागा देतानाच बंदी असलेला माल न आणण्याची अट लेखी घालावी, असा ठराव ग्रामसभेत मांडा.

दत्ताच्या दर्शनाला येणारा भाविक तापीलाही हात जोडतो. त्या नदीसाठी करायचं काम झाडू हातात घेण्याच्या आधीच सुरू होतं. तुमच्या गावची यात्रा, लग्न किंवा सप्ताह जवळ आला असेल तर आज यादी काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा, वापरून झाल्यावर ही वस्तू कुठे जाणार. जिच्यापुढे उत्तर लिहिता येत नाही, ती घेऊ नका.