शेवटच्या पानावरची यादी

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. "ताई, एक तारखेला पगार होतो आणि दहा तारखेला संपतो. जातो कुठे तेच कळत नाही गं," एवढं म्हणालीस आणि गप्प झालीस. त्या गप्प होण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. घरात सगळे जागे होते, फोनवर मोकळं बोलता आलं नाही, म्हणून आज दुपारी निवांत लिहायला बसले आहे.

आधी माझी गोष्ट सांगते, तुला कधी सांगितली नाही ती. चार वर्षांपूर्वी माझ्या क्रेडिट कार्डावर ४२ हजार रुपये थकले होते. तुझ्या भावजींना पत्ता नव्हता. एवढं काय घेतलं होतं म्हणशील, तर एकही मोठी वस्तू आठवत नाही. कुर्ते, ओढण्या, झुमके, लेकीचे फ्रॉक, स्वयंपाकघरातले डबे. दिवसभर ऑफिस, मग पोळ्या, मग लेकीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं. सगळे झोपले की साडेअकराला उजेड कमी करून फोन उघडायचा. त्या अर्ध्या तासात, दिवसात पहिल्यांदा, काहीतरी फक्त माझ्यासाठी चाललंय असं वाटायचं. पार्सल येईपर्यंत तो आनंद टिकायचा. ते आलं की कुणी बघायच्या आत उघडून, खोका कचऱ्यात खाली दडपून टाकायचा.

दर महिन्याला मी कार्डाची 'किमान रक्कम' भरत होते, २,१०० रुपये. मनात म्हणायचे, भरतेय की वेळेवर. एका रविवारी बिल नीट वाचलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के! ४२ हजारांवर महिन्याचं व्याज १,४७० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ते २६५. म्हणजे माझ्या २,१०० मधले कर्जाला लागत होते जेमतेम ३६५ रुपये. शिवाय थकबाकी असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज चढतं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

तुझ्यावर असं काही थकलेलं असेल तर मला आकडा सांग. मी रागावणार नाही. आधी ते फेडायचं, बाकीची सगळी काटकसर त्यानंतर. माझी एक मुदत ठेव होती, सात टक्क्यांची. ती मोडून मी कार्ड फेडलं. सात टक्के मिळवत बसायचं आणि ४२ टक्के भरायचे, यात कसली बचत?

त्याच वर्षी दिवाळीत कपाट आवरायला काढलं. टॅग न काढलेले सात कुर्ते निघाले. फॉल न लावलेल्या तीन साड्या निघाल्या. त्यातल्या एकीची जर घडीवर काळपट पडली होती. मी ती साडी अंगाला एकदाही लावली नव्हती. हातात घेऊन तशीच कॉटवर बसून राहिले आणि मला आईची वही आठवली.

तू लहान होतीस, तुला कदाचित आठवत नसेल. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. रात्री जेवणं झाली की आई ओट्यापाशी उभी राहून जमाखर्च लिहायची. भाजी, दूध, रॉकेल, बाबांचं दाढीचं सामान, सगळं. पण मला ओढ असायची ती वहीच्या शेवटच्या पानाची. तिथे आई मनात आलेल्या वस्तू लिहायची, पुढे तारीख घालून. 'अंजिरी साडी.' 'स्टीलचा मोठा डबा.' 'ताईला घड्याळ.' दसऱ्याच्या आधी बाबांचा बोनस झाला की ती ते पान उघडायची आणि बऱ्याच वस्तूंवर स्वतःच्या हाताने काट मारायची. मी विचारलं होतं, "अगं, हे नको का?" तर म्हणाली, "तेव्हा हवं होतं. आता नाही वाटत." जे उरायचं ते घ्यायची, आणि मग भाव न करता, हसतमुखाने घ्यायची. अंजिरी साडी दोन वर्षं त्या पानावर होती. घेतली तेव्हा तिने ती वीस वर्षं नेसली.

आईचा मनावर ताबा जास्त होता असं मी समजत होते. आता वाटतं, तिच्या काळात इच्छा आणि पैसे यांच्यामध्ये वाट मोठी होती. खरेदीला लक्ष्मी रोडला जायचं तर बस धरायची, कुणालातरी मूल सांभाळायला सांगायचं, नोटा मोजून द्यायच्या. त्या वाटेवरच निम्म्या इच्छा विरघळून जायच्या. आपल्याकडे ती वाट उरली नाही. २०१६ मध्ये यूपीआय आलं, चार-सहा आकडे दाबले की पैसे गेले, आणि वस्तू दहा मिनिटांत दारात. यात तुझा दोष नाही, आधी हे नीट समजून घे. 'फक्त २ शिल्लक', 'सूट संपायला ५ मिनिटं' हे सगळं तुला थांबू न देण्यासाठीच असतं. सरकारनेही ते ओळखलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घालणारे नियम काढले. खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, हे सगळं त्यात आहे. तुझ्याशी असं झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला बिनधास्त फोन कर.

म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे: मन मारू नकोस, फक्त ती वाट परत लांब कर.

कशी, ते सांगते. फोनमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील काढून टाक. दर वेळी उठून, पर्स शोधून, सोळा आकडे घालावे लागू देत. खरेदीच्या अ‍ॅपच्या सूचना बंद कर. एक जास्तीचं बचत खातं ठेव, एक तारखेला महिन्याच्या खर्चाची ठरलेली रक्कम त्यात टाक आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोड. आवर्ती ठेवीचा हप्ता दोन तारखेलाच कापला जाऊ दे, म्हणजे उरलं तर साठवू असं राहणार नाही. आणि एक वही आण. शेवटच्या पानावर हवं ते लिही, तारखेसकट. कपडा असेल तर महिनाभर थांब, घरातली मोठी वस्तू असेल तर तीन महिने. त्यानंतरही हवीशी वाटली तर घे, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस.

'विनाव्याज हप्ता' दिसला तर दोनदा वाच. प्रक्रिया शुल्क असतं, आणि बँक लावते त्या व्याजावर जीएसटी पडतो, सूट कुणीही दिलेली असो. रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलतही त्यात अनेकदा जाते. मुख्य म्हणजे पुढच्या नऊ महिन्यांचे पगार आजच बांधले जातात.

आता घरखर्चाचं. इथे बायका पहिली कात्री भाजीवर लावतात, कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करतात. तिथे काही हाती लागत नाही गं. पैसा जातो तो आपल्या नकळत. परवा माझ्याच मसाल्यांच्या कपाटात धनेपुडीची तीन उघडी पाकिटं निघाली, कारण १९९ रुपयांच्या खरेदीवर डिलिव्हरी फुकट म्हणून दर वेळी काहीतरी भर घातली होती. आता मी वाणसामान महिन्यातून एकदाच भरते, तेही आधी डबे उघडून, हात घालून बघून. पाकिटावर दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो तो बघायची सवय लाव, मोठं पाकीट नेहमी स्वस्त नसतं. पण आईसारखं वर्षाचं धान्यही भरू नकोस. तिच्या घरी आठ माणसं जेवायची, तुझ्या घरी चार, त्यातही अधूनमधून बाहेरून मागवता. गव्हाला किडे लागले तर बचत कसली?

बाहेरून मागवणं का होतं तेही बघ. भूक लागलेली असते आणि घरात काही तयार नसतं. मी रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण करून ठेवते, दोन कडधान्यांना मोड आणते, कणीक भिजवून ठेवते. थकून आल्यावर वीस मिनिटांत मटकीची उसळ होते. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, उरल्या भाताला फोडणी, हे लेकीला पिझ्झ्याइतकंच आवडतं. खरंच सांगते.

विजेचं बिलही एकदा नीट वाच. महावितरणचे दर १०० युनिटांपुढे आणि मग ३०० पुढे चढत जातात, त्यामुळे वरचे युनिट सगळ्यात महाग पडतात. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालणारा एक पंखा बदलला तरी महिन्याला वीसेक युनिट वाचतात. हा खर्च मात्र शेवटच्या पानावर जरूर लिही. एसी २४ वर ठेव. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात का ते डॉक्टरांना विचार. तोच औषधघटक बराच स्वस्त मिळतो.

आणि काही ठिकाणी कात्री लावायचीच नाही, हे मी तुला हात धरून सांगते. पोळ्यावाल्या मावशींचा पगार. दिवाळीत त्यांना द्यायची रक्कम. आरोग्यविम्याचा हप्ता. मुलाच्या ताटातलं फळ. आईला दर महिन्याला पाठवतेस ते. आपली हौस कमी करणं ही काटकसर. दुसऱ्याच्या घामाचे पैसे कमी करणं हा कंजूषपणा, आणि त्यातून वाचलेला पैसा घरात सुख आणत नाही. स्वतःसाठीही महिन्याला एक रक्कम ठेव, पाचशे असो की हजार, जिचा हिशेब कुणी विचारायचा नाही. तुझ्या कष्टाचा पगार आहे, तुझा हात त्यात मोकळा असायलाच हवा.

नवऱ्याला सांग. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. मी तीन दिवस शब्द जुळवत होते. चौथ्या दिवशी बिलच पुढे ठेवलं. तुझे भावजी बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "मीही एक गोष्ट सांगायची राहिली होती." त्यांच्या गाडीच्या हप्त्यापायी त्यांनी मित्राकडून उसने घेतले होते. आम्ही दोघंही एकमेकांपासून लपवत होतो आणि दोघंही एकमेकांसाठी खर्च करतोय असं समजत होतो. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही दोघं एका वहीवर वाकून बसलो.

आता राहिलं पुढच्या महिन्यातलं लग्न. तू नवी साडी बघतेयस, मला कळलंय. मागच्या लग्नातली नेसली तर फोटोत तीच दिसेल म्हणून ना? अगं, आपण दोघी बहिणी एका मापाच्या. माझं कपाट तुझंच आहे. रविवारी सकाळी ये. येताना मंडईतून भाजी आण, तुझं कार्डाचं बिल आण आणि एक कोरी वही आण. पुरणपोळी करते. जेवण झालं की दार लावून बसू, आधी बिल वाचू, मग कपाट उघडू.

आईची अंजिरी साडी माझ्याकडे आहे. काठ अजून पक्का आहे, ब्लाऊज तेवढा नवा शिवावा लागेल. लग्नाला तू ती नेस. आणि तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर पहिली ओळ आपण दोघी मिळून लिहू, त्या दिवसाची तारीख घालून.