बाग कराराने देण्याआधी माती बघा

कोकणातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी हा विषय निघतोच: आंब्याची बाग कराराने द्यायची का? मुलं मुंबई-पुण्यात, गावी दोन म्हातारी माणसं. फवारण्या, राखण, काढणी करणार कोण? करार करूच नका असं मी कुणाला सांगणार नाही. पण करारात पैसे, मुदत, हप्ते सगळं येतं, मातीबद्दल एक ओळही येत नाही. ती ओळ नसल्याने काय होतं ते मी आमच्या बागेत पाहिलं आहे.

आमची कलमं 1990 नंतरची. त्या वर्षी रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातले उघडे सडे आंबा-काजूने भरायला लागले. वडिलांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, खालच्या शेतातून माती आणून भरली आणि त्यात हापूस लावला. अशा झाडाला पसरायला तो खड्डा आणि जांभ्याच्या भेगा, एवढीच जागा. खोल काळ्या जमिनीतलं झाड एखाददुसऱ्या वर्षाची उपासमार सोसेल, कातळावरचं नाही सोसत.

हीच बाग आम्ही पुढे कराराने दिली. मुदत संपून ती परत हातात आली तेव्हा झाडं लांबून हिरवीगारच दिसत होती. जवळ गेल्यावर खरी अवस्था कळली. फांद्यांची पेरं आखूड, पानं एकावर एक चढलेली, मोहोर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा आवळलेला. शेंड्याकडच्या बारीक काड्या वाळलेल्या, काही फांद्यांवर बांडगूळ. जुनी पानं हातात घेतली तर कडा करपलेल्या आणि मधला भाग हिरवा. बुंध्याभोवतीची जमीन झाडून साफ केलेली. दरवर्षी पालापाचोळा गोळा करून गडग्याच्या कडेला पेटवत होते, हे शेजाऱ्याने सांगितलं.

आवळलेल्या मोहोराचं कारण पॅक्लोब्युट्राझोल, ज्याला आपण सगळे कल्टार म्हणतो. औषध वाईट नाही. हापूसला एक वर्षाआड येण्याची खोड आहे आणि ती मोडायला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानेच त्याची शिफारस केली आहे. पण ती मोजून केली आहे: झाडाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर व्यास घ्यायचा, सरासरी काढायची आणि दर मीटरला 3 मिली द्यायचं. म्हणजे आठ मीटर विस्ताराच्या झाडाला 24 मिली. आमच्याकडे लहानमोठ्या सगळ्या झाडांना एकच माप ओतलं जात होतं, तेही दरसाल. हे द्रव्य वाढीचं संप्रेरक दाबतं आणि जमिनीत रेंगाळतं, मागच्या वर्षाचं पुरतं जात नाही तोवर पुढचं पडतं. शिवाय दरवर्षी फळ घ्यायचं तर झाडाला दरवर्षी जेवणही जास्त लागतं. तिकडे फक्त युरिया आणि हाताशी येईल ती मिश्रखताची गोणी, पहिल्या पावसात बुंध्याशी फेकलेली. करारदाराचा हिशेब मुदतीपुरता, झाडाचं आयुष्य दोन पिढ्यांचं. त्या माणसाला मी दोष देत बसत नाही, कागदावर लिहिलेलं नव्हतं ते त्याने केलं नाही.

माती तपासली तर सामू 5.1. जांभ्याची माती मुळातच आम्ल असते, कारण कोकणातला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस हजारो वर्षं तिच्यातला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. त्यात नुसता युरिया देत राहिलं तर त्याचं नायट्रेट होताना आम्लता आणखी वाढते. सामू साडेपाचाच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि मुळांची टोकं खुरटतात. मग वर कितीही खत घाला, घेणारी मुळंच नाहीत.

आपल्या मातीत प्रत्येक खताची गत वेगळी होते. स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जातो: जमिनीत असतो, झाडाला मिळत नाही. पालाश आणि नायट्रेट याच्या उलट, ते धरून ठेवायची ताकदच या मातीत कमी, म्हणून जुलैच्या झडीत खाली निघून जातात. आमच्या पानांच्या करपलेल्या कडा पालाशच्या उपासाच्या होत्या. आपल्याकडे पालाश मागे पडण्याला किमतीचंही कारण आहे. एप्रिल 2010 पासून स्फुरद-पालाशच्या खतांचं अनुदान घटकांवर ठरायला लागलं, युरिया त्यातून बाहेर राहिला आणि स्वस्तच राहिला. स्वस्त ते जास्त पडतं.

माती आरोग्य पत्रिकेबद्दलही एक सांगायला हवं. 2015 साली सुरू झालेली ही योजना चांगली आहे, पत्रिका जरूर काढा. तिच्यात बारा गोष्टी येतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यात नाहीत, आणि कोकणच्या पावसात धुऊन जातात ते हेच दोन. म्हणून प्रयोगशाळेत ते वेगळे मागून घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. नमुना मे महिन्यात, खत घालण्याआधी काढा. झाडाच्या घेराखाली पहिल्या फुटाची माती वेगळी, दुसऱ्या फुटाची वेगळी. गडग्याची कड, शेणाची जागा, पालापाचोळा जाळलेली जागा टाळा, कारण राखेतला चुना आणि पालाश सगळा निकाल फिरवतात.

आम्ही आधी कल्टार पूर्ण थांबवलं. मधल्या दाट फांद्या काढून आत ऊन घेतलं, बांडगूळ फांदीसकट तोडलं. मग डोलोमाइट घातलं, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतात. हे खतासोबत एकाच दिवशी घालू नये, युरियाजवळ चुना पडला की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. काही आठवड्यांचं अंतर ठेवा.

खताची जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका झाडाच्या विस्ताराच्या कडेच्या थोडं आत, वीतभर खोल, कुदळीने हळूच उकरून बघा. पांढुरकी, दोऱ्याएवढी मुळं दिसतील. खाणारी मुळं ती. बुंध्याशी असतात ते जाड सोट, झाड उभं ठेवणारे. खत या कडेच्या चरात जायला हवं, तळाला पाला आणि कुजलेलं शेणखत घालून, वर मातीने झाकून. शेणखत कच्चं असेल तर त्याबरोबर हुमणी येते, घाटावरून गाडी मागवताना हे बघून घ्या.

पालाशसाठी आंब्याला सल्फेट ऑफ पोटॅश बरं. म्युरेट स्वस्त असतं, त्यात पालाश 60 टक्के असतो, सल्फेटमध्ये 50. पण म्युरेटमधलं क्लोराइड आंब्याला सोसत नाही, पानांची टोकं जळतात. त्याच परड्यातल्या माडाला मात्र क्लोराइड हवंच असतं, तिथे म्युरेट घाला. पालाश एकदम ओतूही नका, जास्त झाला की मॅग्नेशियम घेण्यात तो आडवा येतो. पाऊस सरता सरता नत्र देणं तर टाळाच, मोहोराऐवजी पालवी फुटते. फळ वाटाण्याएवढं आणि पुढे गोटीएवढं झाल्यावर 13:0:45 ची एक टक्क्याची फवारणी केली तर गळ कमी होते.

आता आमच्या बागेतला पाला कुणी जाळत नाही. तो झाडाखालीच पसरतो, ओल धरतो, कातळाची उन्हाळ्यातली धग अडवतो. हापूसच्या गरात होणाऱ्या साक्यालाही त्याने आळा बसतो असा माझा अनुभव आहे, कारण जमिनीतून येणारी उष्णता हे साक्याचं एक कारण मानलं जातं. झाडं एका पावसाळ्यात सुधारली नाहीत. आधी पेरं लांबली, मग मोहोर मोकळा झाला, उत्पन्न सगळ्यात शेवटी वाढलं.

करार करणाऱ्यांनी कागदात एवढं तरी घालावं. सुरुवातीचा आणि शेवटचा माती तपासणीचा अहवाल दोघांनी सही करून जोडायचा. कल्टारचं माप झाडागणिक वहीत लिहायचं आणि शेवटच्या वर्षी ते घालायचं नाही. शेणखत कुणी आणायचं, पालाश कुणाच्या पैशाने, हे स्पष्ट ठरवायचं. पाला बागेबाहेर जाणार नाही, हेही. ठेव म्हणून थोडी रक्कम मागे ठेवावी आणि शेवटचा अहवाल आल्यावरच ती परत द्यावी. करारदार चांगला असेल तर यातल्या एकाही अटीला तो हरकत घेत नाही. जो घेतो, त्याच्याशी बोलणी तिथेच थांबवा.