वृत्तभाषेतील गळलेले ‘सांगितले’ : सनसनाटीचा एक भाषिक विचार

सनसनाटीपणा हा सामान्यतः विषयाचा दोष मानला जातो. गुन्हा, अपघात, दहशत यांवरील मजकूर तेवढा सनसनाटी, असा समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ पुष्कळदा वाक्यरचनेत असते. नवी मुंबईलगतच्या उरण येथील एक घटना या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

२२ सप्टेंबर २०१६ रोजी उरणमधील शालेय विद्यार्थ्यांनी सशस्त्र माणसे पाहिल्याचे सांगितले. चारच दिवसांपूर्वी उरी येथील लष्करी तळावर हल्ला झाला होता. २००८ मधील हल्लेखोर मुंबईत समुद्रमार्गेच आले होते. उरणला तर नौदलाचा तळ आणि जवळच न्हावाशेवा बंदर. साहजिकच सतर्कतेचा इशारा दिला गेला आणि मोठी शोधमोहीम झाली. संशयित मात्र सापडले नाहीत. शंकेचा शोध घेणे हे यंत्रणांचे कर्तव्यच होते. प्रश्न उरतो तो अशा वेळच्या वृत्तनिवेदनाचा.

‘पाहिल्याचे सांगितले’ या रचनेत पाहणारा कोण व सांगणारा कोण हे स्पष्ट राहते. निवेदक त्यांच्यापासून अलिप्त असतो. ऐकीव माहितीसाठी मराठीत ‘म्हणे’, ‘असे समजते’ हेही प्रयोग आहेत. पैकी ‘म्हणे’मध्ये अविश्वासाची छटा येते, तर ‘समजते’ शंका राखते पण साक्षीदार झाकते. म्हणून ‘सांगितले’ हाच प्रयोग वृत्ताला सर्वांत प्रामाणिक ठरतो.

मथळ्याच्या किंवा पडद्यावरील पट्टीच्या तोकड्या जागेत प्रथम गळते ते हेच क्रियापद. ‘उरणमध्ये सशस्त्र माणसे’ असे म्हणताच कथनाची वस्तुस्थिती होते. ‘माणसे’च्या जागी ‘दहशतवादी’ आले की नामातच निर्णय दिला जातो. पुढे प्रश्नचिन्ह जोडल्याने हा दोष दूर होत नाही. शंका उमटते, परंतु ती कोणाच्या सांगण्याविषयी आहे हे कळत नाही.

याचा भार अखेरीस साक्षीदारावर पडतो. मुलांनी केवळ आपण पाहिले एवढेच सांगितलेले असते. ‘आहेत’ हा निर्वाळा वृत्ताने दिलेला असतो. शोध निष्फळ ठरल्यावर मात्र खोटेपणाचा आळ मुलांवर येतो. वृत्तलेखनाच्या अध्यापनात मथळा आटोपशीर करण्याचा सराव दिला जातो. कोणता शब्द गाळता येणार नाही, याचाही सराव तितकाच आवश्यक आहे.