वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नाही : हायड्रोजन सल्फाइड आणि आपला छोटा कारखाना



आपल्या चॅनलवर नेहमी जीएसटी, उधारीची वसुली, कोटेशन असे विषय असतात. आजचा धडा वेगळा आहे, पण धंद्याचाच आहे. मांजर्लीत राहून रोज खरवई, माणकिवली, शिरगावच्या एमआयडीसीत जाणारे, अंबरनाथला युनिट चालवणारे, उल्हासनगरात गाळा असणारे बरेच जण हे वाचतात. तुमच्याकडे पाच माणसं असोत की पन्नास, टाकी, ड्रम आणि ॲसिड असेल तर हा धडा तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत जे भरभर सांगितलं ते इथे नीट लिहून देतो. प्रिंट काढा आणि सुपरवायझरला वाचायला द्या.

आधी आपल्या भागात काय झालं ते बघू

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रासायनिक टाकाऊ माल सोडला गेला. आसपासच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, डोळ्यांची जळजळ, श्वासाचा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. हे सगळं कारखान्याच्या आत नाही, वस्तीत घडलं.

१ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेत नेतिवलीला एका विहिरीत सफाईसाठी माणूस उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दोघे उतरले, तेही गेले. मग अग्निशमन दलाचे जवान उतरले, त्यातले दोघे गेले. विषारी वायूने एकूण पाच जीव घेतले. उतरला होता एकच, बाकीचे चौघे वाचवायला गेले होते.

३ जून २०२१ ला रात्री बदलापूरच्या शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रासायनिक प्रक्रिया जास्त तापली आणि वायू बाहेर आला. दूरवरच्या इमारतींतल्या लोकांना श्वास घ्यायला त्रास झाला. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

या तिन्ही घटनांत रसायन एकच होतं असं मी म्हणत नाही. पण टाकी, विहीर, नाला, ड्रम अशा ठिकाणी जो वायू सगळ्यात जास्त दगा देतो, तो आज शिकू : हायड्रोजन सल्फाइड, बोलीभाषेत एचटूएस.

हा वायू कसा ओळखायचा, आणि का ओळखता येत नाही

रंग नाही. हवेपेक्षा थोडा जड, म्हणून खड्ड्यात, टाकीच्या तळाला, गटाराच्या चेंबरमध्ये साठून राहतो. पेटतोसुद्धा : हवेत साधारण ४.३ टक्के झाला की ठिणगी पुरते. वास सडक्या अंड्यासारखा. अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो.

खरी फसवणूक इथेच आहे. प्रमाण वाढलं की हा वायू वास घेणारी नस बधिर करतो. हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, हे पीपीएममध्ये मोजतात :

- १० पीपीएम : कारखाने अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीत आठ तासांसाठी दिलेली होती ती सरासरी मर्यादा. थोड्या वेळासाठी १५.
- १०० पीपीएमच्या आसपास : काही मिनिटांत वास येणं बंद. खोकला, डोळ्यांची आग.
- ५०० ते ७०० : पाच मिनिटांत माणूस कोसळतो.
- ७०० ते १००० : एक-दोन श्वासांत बेशुद्ध, काही मिनिटांत मृत्यू.

म्हणजे "आता वास येत नाही, जा आत" हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. वास हवेने निघून गेला की नाक मेलं, हे नाकाला सांगता येत नाही.

आता धंद्याच्या भाषेत हिशेब करू. समजा तुमचा गाळा २५ बाय २० फूट, उंची १२ फूट. आतली हवा झाली ६००० घनफूट, म्हणजे साधारण १ लाख ७० हजार लिटर. त्यात १००० पीपीएम व्हायला वायू किती लागतो? १७० लिटर. तुमच्या दारात उभा असलेला निळा ड्रम २०० लिटरचा आहे. त्या एका ड्रमातही मावेल एवढा वायू सगळ्या गाळ्याला पुरतो. आणि टाकी तर गाळ्यापेक्षा कितीतरी लहान असते.

आपल्याकडे हा येतो कुठून?

"आम्ही तर एचटूएस विकतच घेत नाही" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. हा वायू बहुतेक वेळा खरेदीच्या बिलात नसतो, आपल्या नकळत जागेवरच तयार होतो. वाटा तीन.

पहिली, सल्फाइड आणि ॲसिड. सोडियम सल्फाइडचे पिवळट-तांबूस फ्लेक्स सल्फर डाईंगमध्ये, चामड्याच्या कामात, काही रसायनं बनवताना वापरतात. त्याला कुठलंही ॲसिड लागलं की एचटूएस सुटतो.

दुसरी, साठलेलं सांडपाणी. ईटीपीची टाकी, सेप्टिक टँक, बंद चेंबर. हवा नसलेल्या गाळात जिवाणू हा वायू बनवतात आणि तो गाळात अडकून बसतो. वरून पाणी शांत दिसतं. माणूस उतरून फावड्याने गाळ ढवळतो आणि सगळा वायू एकदम तोंडावर येतो. सकाळी तपासलेली टाकी दुपारी जीव घेते, ती अशी.

तिसरी, बिनलेबलचा ड्रम. भंगारातून आणलेला, आत काय होतं माहीत नाही, धुतला आणि पाणी नाल्यात सोडलं. नाल्यात आधीपासून काय वाहतंय हेही माहीत नाही. दोन अनोळखी रसायनांची गाठ तुम्ही घालून दिलीत.

एक चांगली सवय जी इथे घात करते

अल्कली सांडली की ॲसिड टाकून न्यूट्रल करायचं, असं बऱ्याच कामगारांना शिकवलेलं असतं. कॉस्टिकला ते एकवेळ चालून जाईल. सल्फाइडचं द्रावणही अल्कलीच असतं, हाताला तसंच बुळबुळीत लागतं. त्यावर ॲसिड ओतलं तर तुम्ही स्वतः वायू बनवला.

ईटीपीतही हेच. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी पीएच खाली आणायचा असतो, म्हणून ऑपरेटर ॲसिडचा नळ उघडतो. पीएच ७ ला आला की पाण्यातलं जवळजवळ निम्मं सल्फाइड वायूच्या रूपात आलेलं असतं, आणखी खाली गेला तर जवळपास सगळं. म्हणून क्रम लक्षात ठेवा : पाणी अल्कली असतानाच आधी सल्फाइड संपवायचं (हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं ऑक्सिडायझर, तुमच्या कन्सल्टंटने ठरवलेल्या डोसने), टेस्ट करून खात्री करायची आणि मगच ॲसिड. उलटा क्रम कधीच नको.

पाच नियम, भिंतीवर लावायचे

१. ॲसिड आणि सल्फाइड शेजारी नाही. वेगळी खोली, नाहीतर मध्ये भिंत आणि प्रत्येकाला वेगळा कट्टा, म्हणजे सांडलं तरी एकत्र वाहणार नाही. मग, नरसाळं, बादलीही वेगळी, रंगाने ओळखता येईल अशी. हायपोक्लोराइटलाही हाच नियम लावा, कारण त्यात ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो.

२. लेबल नाही तर ड्रम आत नाही. प्रत्येक रसायनाची सुरक्षा माहिती पत्रिका, म्हणजे एसडीएस, सप्लायरकडून मागून घ्या. तिच्यातले चार मुद्दे मराठीत आणि हिंदीत लिहून ड्रमजवळ लावा : कशाशी मिसळायचं नाही, सांडलं तर काय, डोळ्यात गेलं तर काय, फोन कोणाला. तुमचा हेल्पर इंग्रजी वाचत नसेल तर कपाटातली फाइल फक्त ऑडिटरच्या कामाची.

३. मीटरशिवाय टाकीत नाही. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, एचटूएस आणि कार्बन मोनॉक्साइड दाखवणारा चार वायूंचा डिटेक्टर मिळतो. परवडत नसेल तर भाड्याने आणा, शेजारच्या चार युनिटमध्ये मिळून घ्या. वर, मध्ये, तळाला अशी तीन ठिकाणी मोजणी. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल किंवा एचटूएस दिसला तर कोणी उतरायचं नाही. आत येणारे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, ब्लोअर चालू, आणि काम संपेपर्यंत मीटर माणसाच्या अंगावर.

४. बाहेर एक माणूस, आणि त्याने आत जायचं नाही. आतल्याला हार्नेस आणि दोर, दुसरं टोक बाहेर. बाहेरच्याचं काम नजर ठेवणं, बोलत राहणं, दोर ओढणं आणि मदत बोलावणं. नाकाला रुमाल, कापडी मास्क यांचा काहीही उपयोग नाही. काडतुसाचा मास्कही टाकीत चालत नाही, तो ऑक्सिजन बनवत नाही. आत जायचंच असेल तर स्वतःची हवा पाठीवर असलेला सेट आणि तो वापरायचं शिक्षण, दोन्ही हवं.

५. कोसळला तर : आधी ओरडा, १०१ आणि १०८ ला फोन करा, वाऱ्याच्या उलट्या बाजूला सरका, दोराने ओढा. उघड्या हवेत आणल्यावर कपडे सैल करा, ओले असतील तर काढा, श्वास बघा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. डॉक्टरला रसायनाचं नाव सांगा, एसडीएस बरोबर पाठवा. थोड्या वेळाने "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी रुग्णालयात न्या, कारण फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

"एवढा खर्च कोण करणार?"

व्हिडिओच्या शेवटी मी जी वही करायला सांगितली ती इथे परत सांगतो. डाव्या बाजूला खर्च : डिटेक्टर, हार्नेस, ब्लोअर, अर्धा दिवस प्रशिक्षण, टाकाऊ माल तळोज्याच्या अधिकृत विल्हेवाट केंद्राला पाठवण्याचं भाडं. हा आकडा तुम्ही दोन फोन करून लिहू शकता.

उजव्या बाजूला हे नसलं तर काय : पोलीस केस, काम बंदचा आदेश, नुकसानभरपाई, ऑर्डर दुसरीकडे. आणि एक ओळ अशी जिच्यापुढे आकडा लिहिता येत नाही. टाकीत उतरणारा सहसा मालक नसतो. तो ठेकेदाराने काल आणलेला मुलगा असतो, ज्याला कोणी काही सांगितलेलं नसतं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने नाही म्हणायचं काम तुमचं.

टाकाऊ मालाबद्दल एक गोष्ट पक्की करा. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही आणि तो जाताना मॅनिफेस्ट लागतो. "स्वस्तात नेतो, कागद नको" म्हणणारा टँकरवाला कुठे रिकामा होतो, ते २०१४ मध्ये आपण पाहिलं. पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल पालिका आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांवर मिळून सुमारे ९५ कोटींची जबाबदारी टाकली. अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी ती नदी आहे, कोणाच्या युनिटचं गटार नव्हे.

या आठवड्याचा गृहपाठ

- युनिटमध्ये फिरा आणि माणूस उतरू शकेल अशी प्रत्येक जागा मोजा. टाकी, हौद, चेंबर, विहीर. प्रत्येकावर फलक : "परवानगीशिवाय उतरू नये".
- ॲसिडपासून सल्फाइड आणि हायपो किती फुटांवर आहे ते बघा. आजच हलवा.
- बिनलेबलचे ड्रम मोजा. उघडू नका, धुऊ नका, बाजूला ठेवा.
- सोमवारी सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा आणि एकच प्रश्न विचारा : "आत माणूस पडला तर तू काय करशील?" "उडी मारेन" असं उत्तर आलं तर त्याचं मन मोठं आहे, शिक्षण अपुरं आहे. ते देणं तुमच्या हातात आहे.

पुढच्या भागात टाकीत उतरण्याचा परवाना, म्हणजे वर्क परमिट, एका पानात कसा बनवायचा ते बघू. तोपर्यंत कोणाला टाकीत पाठवायची वेळ आली, तर काम थांबवा. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली तर गिऱ्हाईक रागावेल, पण परत येईल.