बाळंतिणीचे पाणी
(वरच्या इयत्तांच्या आरोग्यशिक्षणासाठी पाठ)

उद्देश : माता व नवजात बालक यांच्या आरोग्याशी शुद्ध पाण्याचा असलेला संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे.

विवेचन : वाशिम जिल्ह्यातून पैनगंगा, अडाण आदी नद्या वाहतात, परंतु येथील काळ्या खडकात पाणी बेताचेच मुरते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि गरीब वस्तीतील घागरीत गढूळ पाणी येते. त्याचा सर्वाधिक धोका गर्भवतीला व तान्ह्या बाळाला असतो.

दूषित पाण्याने अतिसार, विषमज्वर व कावीळ पसरते. ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांची बहुधा बरी होते. गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मात्र ती प्राणघातक ठरू शकते. प्रसूतीच्या वेळी हात अस्वच्छ असल्यास जंतू मातेच्या जखमेत व बाळाच्या नाळेत शिरतात.

1847 साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण शेकडा 18 वरून अल्पावधीत शेकडा 2 च्या आसपास आले. आपल्या विदर्भातही गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकाच्या काळजीचे शिक्षण दिले. स्वच्छता, ऊब, स्तनपान व जंतुसंसर्गावर वेळीच उपचार यांमुळे तुलनेच्या खेड्यांपेक्षा तेथील नवजात मृत्यू शेकडा 62 ने घटले, असे 1999 साली प्रसिद्ध झाले.

आचरणाचे नियम :
1. पाणी गाळून, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे व झाकून ठेवावे. ते ओगराळ्याने काढावे. हात बुडवू नये.
2. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. नाळेला राख वा शेण लावू नये.
3. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये.
4. गर्भवतीस जड घागरी वाहू देऊ नयेत. ते काम घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी आपले मानावे.

शिक्षकांस सूचना : विद्यार्थ्यांसह गावच्या विहिरीस भेट द्यावी. ग्रामपंचायत पाण्यात जंतुनाशक पावडर केव्हा टाकते, याची नोंद ठेवावी.

स्वाध्याय :
1. सेमेलवाइस यांच्या उपायाने मृत्यू का घटले?
2. तुमच्या घरी पाणी कोण आणते? किती खेपा होतात? त्यांतील तुमच्या किती?