गौतमीचे मातृत्व



महामाया गेली तेव्हा सिद्धार्थ सात दिवसांचा होता. त्याला वाढविले मावशीने, महाप्रजापती गौतमीने. भिक्षुणी संघासाठी आपण तिचे नाव घेतो, हे मात्र विसरतो.

मालेगावात यंत्रमागावरचा बाप गेला की मुलाची शाळा सुटते. माझ्या वर्गातला एक असाच सुटला. चौकशीला गेलो तेव्हा कांड्या भरीत होता. आजीने त्याला ठेवून घेतले होते, पण वह्यांना पैसा कोठून?

शासनाची बाल संगोपन योजना अशांसाठीच आहे. आई हयात असली तरी चालते. २०२३ पासून दरमहा २२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. आजीला अर्ज लिहिता येत नाही, तुम्हाला येतो. रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर थांबा. मृत्यूचा दाखला आधी मागून घ्या, तोच बहुधा काढलेला नसतो.